देवाचे नाव आणि विद्यार्थ्याचे दैव

जम्मूहून कटऱ्याकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर काकरियाल म्हणून एक ठिकाण आहे. श्री माता वैष्णोदेवी देवस्थान मंडळाने तेथे उभारलेल्या वैद्यकीय विद्यालयात २०२५ साली पन्नास विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२६ च्या जानेवारीत ते विद्यालय मिटलेही. अखिल भारतीय प्रवेशपरीक्षेतील गुणानुक्रमे जी यादी लागली, तीत पन्नासांपैकी बेचाळीस विद्यार्थी मुसलमान होते. देवीच्या भक्तांच्या दानातून उभ्या राहिलेल्या संस्थेत हिंदूंच्या मुलांनाच प्राधान्य हवे, अशी मागणी घेऊन जम्मूत चळवळ सुरू झाली; संघर्ष समिती स्थापन झाली; मोर्चे निघाले. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या तपासनीसांनी विद्यालयाची पाहणी केली आणि शिक्षकवर्ग, रुग्णसंख्या व सुविधा यांत गंभीर उणिवा असल्याचे कारण देऊन आयोगाने अभ्यासक्रमाची परवानगी काढून घेतली. विद्यार्थ्यांना जम्मू-काश्मीरमधीलच इतर विद्यालयांत वाढीव जागा देऊन सामावून घ्यावे, असेही आयोगाने सांगितले. परवानगी रद्द झाल्याचे वर्तमान येताच आंदोलकांनी आनंद साजरा केला. आपल्याच मुलखातले एक वैद्यकीय विद्यालय बंद पडले म्हणून त्याच मुलखातील माणसांनी आनंद मानावा, हा प्रकार विलक्षणच म्हटला पाहिजे.

आयोगाचा निर्णय आणि चळवळ यांचा परस्परसंबंध काय, याविषयी तर्क लढविण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. आयोगाने उणिवांचे कारण दिले आहे आणि उणिवा असतील तर परवानगी काढून घेणे हे आयोगाचे कर्तव्यच ठरते. अपुऱ्या शिक्षकांच्या हाताखाली आणि रिकाम्या खाटांच्या सोबतीने डॉक्टर घडत नसतात. परंतु एक साधा प्रश्न तरीही शिल्लक राहतो. याच आयोगाने याच विद्यालयाला २०२५ च्या सप्टेंबरात परवानगी दिली होती. जानेवारीत ज्या उणिवा डोळ्यांत भरण्याइतक्या मोठ्या ठरल्या, त्या चार महिन्यांपूर्वी दिसल्या नव्हत्या काय? दिसल्या नसतील तर ती पाहणी कसली, आणि दिसूनही परवानगी दिली असेल तर ती जबाबदारी कोणाची? पन्नास मुलांनी आपल्या आयुष्यातील एक निर्णय त्या परवानगीच्या कागदावर विसंबून घेतला होता. त्या कागदाला जर चार महिन्यांचेही आयुष्य नसेल, तर यापुढे कोणत्या पालकाने कोणत्या शिक्क्यावर भरवसा ठेवावा?

पण या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न आयोगाच्या कारभाराहून खोल आहे. ज्या विद्यालयाच्या पाटीवर देवाचे, संताचे किंवा धर्माचे नाव आहे, त्या विद्यालयाने विद्यार्थ्याकडून काय मागावे? आणि त्या नावाने स्वतः त्या संस्थेवर कोणते बंधन पडते? हा प्रश्न आपल्या देशाला नवीन नाही. धर्मसंस्थांनी चालविलेल्या वैद्यकीय शिक्षणाचा आपल्याकडील इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्यातले सर्वांत ठळक उदाहरण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजाचे आहे, आणि काकरियालच्या वादात दोन्ही बाजूंनी त्याचाच दाखला दिला जाईल असा आहे. म्हणून तो नीट तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वेल्लोरची कथा सुरू होते ती तीन स्त्रियांच्या मृत्यूपासून. मिशनरी डॉक्टराची कन्या आयडा स्कडर तामिळ मुलखातील तिंडिवनम येथे आपल्या आईवडिलांकडे आली असता एकाच रात्री तीन गृहस्थ दारी आले. त्यांत एक ब्राह्मण, एक मुसलमान व एक अन्य सवर्ण हिंदू होता. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या होत्या, आणि पुरुष डॉक्टराचा हात त्यांना लागू द्यायला तिघांपैकी एकही तयार नव्हता. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा निश्चय त्या मुलीने त्या घटनेनंतर केला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १८९९ साली पदवी घेऊन ती परतली. १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना निघाला, १९०२ साली चाळीस खाटांचे रुग्णालय झाले आणि १९१८ साली केवळ स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. पुढे १९४२ साली तेथे पदवीचा अभ्यासक्रम आला आणि १९४७ पासून पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. ध्यानात ठेवावयाचे ते हे की, ज्या मृत्यूंतून ही संस्था जन्मली त्या तिन्ही स्त्रियांपैकी एकही ख्रिस्ती नव्हती. संस्थेच्या धर्माचा आणि रोग्याच्या धर्माचा संबंध नाही, हा नियम वेल्लोरला कोणी नंतर लावून दिलेला नाही; तो तिच्या पायातच घातलेला आहे.

या संस्थेतील विद्यार्थिजीवनाची घडण पाहण्यासारखी आहे. रुग्णालय गावाच्या भरवस्तीत आणि वसतिगृहे व पूर्ववैद्यकीय विभाग काही मैलांवर बागायम येथे, अशी तेथील व्यवस्था आहे. विद्यार्थ्याने वसतिगृहातच राहिले पाहिजे असा दंडक आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला अध्यापकांपैकी एखादे कुटुंब पालक म्हणून नेमून दिलेले असते. सणावारी त्याने त्यांच्या घरी जेवावे, आजारी पडला तर त्यांनी त्याची विचारपूस करावी, असा रिवाज आहे. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना तीन आठवडे खेड्यात नेऊन ठेवतात. घरोघर फिरून पाणी कोठून येते, कुटुंबाचे उत्पन्न किती, कोणते मूल कशाने गेले, हे त्यांनी विचारून लिहून घ्यावयाचे असते. म्हणजे रोगाची लक्षणे पाठ होण्यापूर्वी रोग ज्या घरात राहतो ते घर त्यांच्या परिचयाचे होते. पुढे त्यांना लहानलहान मिशन रुग्णालयांतही पाठवितात, आणि पदवीनंतर दोन वर्षे गरजेच्या ठिकाणी सेवा करण्याचे बंधपत्र असते. याच्या मोबदल्यात शिकवणीची फी वर्षाला काही हजारांच्या घरातच राहत आली आहे. खासगी वैद्यकीय विद्यालयांत जेथे लाखांच्या भाषेखेरीज बोलणे होत नाही, तेथे या फरकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या घडणीचे फळ काय, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी काटपाडी जंक्शनावर उतरावे. बंगाल, झारखंड, आसाम, त्रिपुरा येथून रोग्यांनी भरलेल्या गाड्या तेथे येतात. त्या रोग्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, आदिवासी आहेत. ख्रिस्ती त्यांत थोडेच. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून त्यांना पुन्हा हाताने घास घेता येईल असे केले, ते याच संस्थेत. याच संस्थेची विद्यार्थिनी मेरी व्हर्गीज १९५४ सालच्या अपघातात कमरेखाली लुळी पडल्यावरही चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करीत राहिली, आणि तिच्यामुळेच अपंगांच्या पुनर्वसनाचे स्वतंत्र केंद्र तेथे निघाले. धर्मनिष्ठेचा याहून चांगला उपयोग कोणता असू शकेल?

आता वादाचा भाग. वेल्लोरमध्ये प्रवेशाची रीतही न्यारी होती. लेखी परीक्षेतून निवडलेल्या उमेदवारांना काही दिवस बोलावून घेऊन, गटात काम देऊन, बोलते करून त्यांची वृत्ती पारखण्यात येई. बऱ्याचशा जागा चर्चसंस्थांनी पुरस्कृत केलेल्या ख्रिस्ती उमेदवारांसाठी असत, आणि त्यांनी परत जाऊन त्या त्या संस्थेच्या रुग्णालयात सेवा करावी अशी अपेक्षा असे. २०१३ साली देशभर एकच प्रवेशपरीक्षा आली तेव्हा या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये दोन विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरविली. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये तोच निकाल मागे घेतला आणि परीक्षा पुन्हा लागू झाली. २०१७ साली तर वेल्लोरने सामाईक प्रवेशप्रक्रियेच्या निषेधार्थ शंभर जागांपैकी केवळ एकच भरली. अखेर २९ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला की, सामाईक परीक्षेने अल्पसंख्याकांच्या घटनादत्त हक्कांचा भंग होत नाही आणि ती सर्व संस्थांना बंधनकारक आहे.

त्या एका वर्षी नव्याण्णव जागा रिकाम्या ठेवणे आम्हांस तेव्हाही योग्य वाटण्यासारखे नव्हते आणि आजही वाटत नाही. संस्थेचा तक्रारीचा मुद्दा पोकळ होता असे नव्हे. तीन तासांच्या परीक्षेत मुलाचे भौतिकशास्त्र कळते, त्याची कणव कळत नाही. वर्गात मुले हाताळलेल्या कोणाही शिक्षकाला हे ठाऊक आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मुलाखतीच्या आणि ‘वृत्ती पारखण्या’च्या पडद्याआड या देशात किती वैद्यकीय जागांचे लिलाव झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वेल्लोरने तो पडदा प्रामाणिकपणे वापरला म्हणून इतरांसही तो लोंबकळत ठेवता येत नाही. प्रामाणिक माणसाला थोडी गैरसोय सोसावी लागली तरी चालेल, पण अप्रामाणिकाला वाट मिळता कामा नये, हाच त्या निर्णयाचा सारांश होय, आणि तो आम्हांस मान्य आहे.

येथे काकरियालच्या आंदोलकांचा प्रश्न येतो, आणि त्याला बगल देणे शिष्टसंमत नव्हे. ते विचारतात, ‘वेल्लोर ख्रिस्ती मुलांसाठी जागा राखू शकते, तर देवीच्या भक्तांच्या पैशातून उभी राहिलेली संस्था हिंदूंच्या मुलांसाठी का राखू शकत नाही?’ त्रिकूट पर्वताची चढण चढून, गाठीचा रुपाया देवीपुढे ठेवणाऱ्या यात्रेकरूच्या मनात हा विचार आला तर त्याला कुत्सितपणे हसण्याचे कारण नाही. पण त्याचे उत्तर आहे. घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क अल्पसंख्याकांस दिला आहे. संख्येने कमी असलेल्यांना ज्या भीतीपासून संरक्षण हवे असते, ती भीती बहुसंख्याकांस नसते, हे त्यामागील तत्त्व. हे कलम नको असेल तर घटनादुरुस्तीची मागणी करण्याचा मार्ग मोकळा आहे. शिवाय वैष्णोदेवीचे देवस्थान मंडळ हे १९८८ सालच्या कायद्याने निर्माण झालेले मंडळ असून नायब राज्यपाल त्याचे अध्यक्ष असतात. कायद्याने जन्मलेल्या मंडळाला कायद्याच्या चौकटीतच वागले पाहिजे. त्या मंडळाने प्रवेशापूर्वी अशी कोणतीही राखीव व्यवस्था जाहीर केलेली नव्हती. खेळ सुरू झाल्यावर, आणि धावा निघाल्यावर, नियम बदलण्याची मागणी करणे याला न्याय म्हणत नाहीत.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या पन्नास मुलांपैकी कोणीही देवीच्या प्रांगणात आगंतुक म्हणून शिरलेला नव्हता. शासनाने परीक्षा घेतली, शासनाने यादी लावली, शासनाच्या प्रवेशमंडळाने ‘तुला येथे जागा आहे’ असे सांगितले. मुलगा आला. त्याने काय चुकीचे केले? अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींनी शरीररचनाशास्त्राचे पहिले धडे गिरवावेत त्या वेळी दाराबाहेर त्यांच्या धर्माची शिरगणती चालू होती. पुढे त्यांना जागा मिळाल्या तरी दुसऱ्या विद्यालयात, दुसऱ्या वसतिगृहात, मागे पडलेल्या पाठांसह नव्याने बसणे त्यांच्या नशिबी आले. त्यांत जे सात-आठ बिगर-मुसलमान विद्यार्थी होते त्यांचेही तेच झाले. आणि ज्यांच्या नावाने ही चळवळ झाली त्या जम्मूच्या मुलांना काय मिळाले? घरापासून जवळ असलेल्या पन्नास जागा होत्या, त्या गेल्या. रियासीच्या डोंगराळ भागातील गरोदर स्त्रीला शिकाऊ डॉक्टरांनी गजबजलेले एक शिक्षण-रुग्णालय लाभण्याची आशा होती, ती लांबली. शेजाऱ्याला अपशकुन करण्यासाठी स्वतःचे नाक कापून घेण्याची म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

परधर्मीयाच्या संस्थेत शिकावयास जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला तरी कोणी शिकवावयास नको. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या त्यापूर्वी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास मदत मिळेल असे मिशनऱ्यांकडून त्यांच्या यजमानांस सुचविण्यात आले होते. त्यांनी ते नाकारले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन, असे श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगितले. फिलाडेल्फियातील ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला ते क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने १८५० साली निघालेले होते. त्या महाविद्यालयाने त्यांचे लुगडे सोडावयास लावले नाही, त्यांचे शाकाहारी ताट हिरावून घेतले नाही, आणि १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी दिली. एक भारतीय, एक जपानी व एक सिरियन अशा तेथील तीन विद्यार्थिनींचे, आपापल्या देशाच्या पेहरावातील छायाचित्र आजही आपण अभिमानाने छापतो. त्या क्वेकरांनी ‘आमच्या पैशांवर आमच्याच मुली’ असे म्हटले असते, तर तो अभिमान बाळगण्याची संधी आपल्याला कोठून मिळाली असती? जी उदारता आपण घेतली, ती देण्याची पाळी आल्यावर हात आखडता घेणे आपल्या कोणत्याही धर्मग्रंथास शोभणारे नाही.

मग संस्थेच्या वैशिष्ट्याचे काय? प्रवेश सर्वांना एकाच मापाने द्यावयाचा तर देवीच्या, ख्रिस्ताच्या किंवा गांधीजींच्या नावाला अर्थ तो काय राहिला? याचे उत्तर आपल्याच वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. ते कोणा धर्माचे नाही, पण व्रतस्थपणात ते कोणत्याही मठाला हार जाणारे नाही. पूर्वी तेथील प्रवेशपरीक्षेत गांधीविचारांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे. सामाईक परीक्षा आल्यावर ती गेली. परंतु आलेल्या विद्यार्थ्याला प्रथम आश्रमात नेऊन ठेवणे, खादीचा पोशाख, श्रमदान, सर्वधर्मप्रार्थना, प्रत्येक तुकडीने एक खेडे दत्तक घेऊन त्यातील कुटुंबांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे, हे सारे टिकून आहे. म्हणजे संस्थेचे शील दारावरच्या चाळणीतून येत नाही. विद्यार्थी दारातून आत आल्यानंतर त्याला जे जीवन जगावयास मिळते त्यातून ते येते. वेल्लोरच्या पालक-कुटुंबांचे आणि तीन आठवड्यांच्या ग्रामवासाचेही तेच आहे. ते जीवन कोणत्याही न्यायालयाने बंद केलेले नाही.

अर्थात पाटीवरचे पवित्र नाव म्हणजे आचरणाची हमी नव्हे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. सेवेचे ब्रीद मिरविणाऱ्या वेल्लोरच्याच वसतिगृहात नव्या मुलांचा अर्धनग्न छळ झाल्याचे प्रकरण २०२२ साली उघडकीस आले आणि सात वरिष्ठ विद्यार्थ्यांना निलंबित करावे लागले. जी मुले काही महिन्यांनी परक्या रोग्याच्या लज्जेचे रक्षण करण्याची शपथ घेणार, त्यांनी आपल्याच धाकट्या सोबत्यांची लज्जा अशी हिरावावी, याहून खेदाची गोष्ट नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली रॅगिंगविरुद्ध कडक विनियम केले, तरी रात्री दिवे मालवल्यावर वसतिगृहाच्या वऱ्हांड्यात कागदी विनियम गस्त घालीत नाहीत. तेथे जागा राहावा लागतो तो शिक्षक. धर्मसंस्थांच्या विद्यालयांत ‘आम्ही सारे एक कुटुंब’ ही भावना असते आणि ती मोलाची आहे; पण कुटुंबाच्या नावाखाली तक्रार दाबण्याची सवयही कुटुंबांतच असते. देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने या बाबतीत इतरांहून कठोर असावे, कारण तिने स्वतःहून अधिक मोठे नाव घेतले आहे.

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, वैद्यकीय आयोगाने परवानगी देण्यापूर्वीची पाहणी खरी करावी, आणि सत्र सुरू झाल्यावर उणिवा आढळल्या तर त्या दुरुस्त करण्यास मुदत देऊन विद्यार्थ्यांचे वर्ष वाचेल असा मार्ग प्रथम शोधावा. मध्यसत्रात विद्यालय मिटविणे हा अखेरचा उपाय असला पाहिजे. दुसरी, प्रवेशाचे नियम, मग ते अल्पसंख्याक संस्थेचे असोत की देवस्थानाचे, अर्ज मागविण्यापूर्वी छापून निघावेत आणि प्रवेशानंतर त्यांत कोणासही बदल करता येऊ नये. तिसरी, गरजेच्या ठिकाणी सेवा करण्याची वेल्लोरसारखी बंधपत्रे सर्वच अनुदानित व धर्मादाय विद्यालयांत मनापासून अमलात यावीत. विद्यार्थ्याने दंडाची रक्कम भरून मोकळे व्हावे आणि संस्थेने ती घेऊन डोळे मिटावेत, ही रीत थांबली पाहिजे. आणि चौथी, काकरियालच्या मंडळाने उणिवा भरून काढून ते विद्यालय पुन्हा उघडण्याचा प्रयत्न करावा, आणि पुन्हा जी यादी लागेल तिचे, तीत कोणाचीही नावे असोत, देवीच्या दारी आलेल्या पाहुण्यासारखे स्वागत करावे.

वैष्णोदेवीच्या यात्रेकरूंना गेली कित्येक वर्षे खांद्यावरून, पालखीतून आणि घोड्यावरून डोंगर चढवून नेणाऱ्या पिठ्ठूंत व घोडेवाल्यांत मुसलमानांची संख्या मोठी आहे. त्यांच्या खांद्यावर बसून देवीपर्यंत पोहोचण्यात भाविकांना कधी विटाळ वाटला नाही. त्याच घोडेवाल्याचा मुलगा उद्या देवीच्या नावाच्या विद्यालयात शिकून डॉक्टर झाला आणि चढणीवर छाती भरून आलेल्या एखाद्या वृद्ध यात्रेकरूची नाडी त्याने पाहिली, तर त्या वृद्धाने अर्पण केलेला रुपाया वाया गेला असे कोण म्हणेल? जम्मूतील आंदोलकांनी मोर्चाच्या गोंगाटापासून थोडे दूर जाऊन एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी द्यावे, इतकेच आमचे त्यांना सांगणे आहे.